पेव, खराटा आणि अडगळ

वऱ्हाडात साठवणीला प्रतिष्ठा होती. ज्वारी पेवात उतरवली जाई, घरोघरी कणग्या लिंपल्या जात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनंतर ‘असू द्या, कामी येईल’ हे शहाणपण वाटले असल्यास नवल नाही. याच भूमीत १८७६ साली शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी दुसरे टोक गाठले : हाती खराटा, एक मडके, अंगावर चिंध्या. हे दोन्ही आदर्श वस्तूंकडे नीतीच्या नजरेने पाहतात. साठवणारा दूरदर्शी, नाहीतर लोभी. टाकणारा विरक्त, नाहीतर उधळ्या.

या चौकटीत न बसणारा एक माणूस मात्र आपण नजरेआड केला. रद्दी, पिशव्या, फुटके डबे यांनी त्याचे घर भरत जाते, चुलीपर्यंत वाट उरत नाही, आणि तरीही एक चिठोरे टाकताना त्याचा जीव कासावीस होतो. गोगोलने ‘मृत आत्मे’मध्ये (१८४२) प्ल्यूश्किनच्या रूपाने तो रंगवला. समीक्षकांनी त्याला कंजुषांच्या रांगेत बसवले. पण पत्नीच्या मृत्यूपूर्वी तो नेटका, आतिथ्यशील जमीनदार होता, हा तपशील गोगोलनेच दिलेला आहे. वैद्यकाला मात्र फार उशीर लागला. अमेरिकी मानसोपचार संघटनेने साठवणीच्या विकाराला स्वतंत्र स्थान दिले ते २०१३ साली. तोवर तो अन्य विकारांचे लक्षण म्हणूनच गणला जाई. पूर्वी सोसलेल्या भौतिक अभावाशी त्याचा थेट संबंध अभ्यासांत ठळकपणे आढळलेला नाही. म्हणजे ‘दुष्काळ पाहिलेली पिढी’ हे आपले आवडते स्पष्टीकरणही अपुरे ठरते. आप्तवियोगासारखे आघात आणि निर्णय घेण्यातली अडचण यांचा धागा अधिक स्पष्ट दिसतो.

नेमाड्यांच्या ‘हिंदू’च्या (२०१०) उपशीर्षकाने ‘अडगळ’ या शब्दाला समृद्धीचा अर्थ दिला. वर्गात तो शिकवताना आपण रंगून जातो. घरातल्या आजोबांची अडगळ दिसली की मात्र ते गावाला गेल्यावर खोली रिकामी करायची, हा आपला उपाय. तो घातक आहे. विश्वास तुटतो, दुःख वाढते, आणि खोली पुन्हा भरते. गाडगेबाबांचा खराटा गावाचे रस्ते झाडत असे, हे येथे आठवावे. घरात हात घालायचा तर आधी दारापर्यंतची आणि चुलीपर्यंतची वाट मोकळी करावी, तीही त्या माणसाच्या संमतीने. मग एकेक फळी. काय ठेवायचे, काय काढायचे, हे त्यानेच ठरवावे. मानसोपचारतज्ज्ञाकडे नेताना ‘घाण’ हा शब्द घरी ठेवून जावे.