ट्रॉली ओढायला जुना ट्रॅक्टर घेताय? इसार देण्याआधी हे तपासा

ऊस तोडीला आला की ट्रॅक्टर-ट्रॉलीची मागणी वाढते. नवीन ट्रॅक्टरचा हप्ता झेपत नाही, म्हणून बरेच जण जुना ट्रॅक्टर शोधतात. ऊस, कांदा, खत, चारा, माती अशी वाहतूक घरच्या घरी झाली तर भाड्याचे पैसे वाचतात. हिशोब बरोबर आहे. गडबड होते ती गाडी निवडताना. रंग नवा, टायर काळेभोर, इंजिन एका चावीत सुरू, एवढं बघून इसार दिला जातो आणि खरं काय ते पहिल्या भरलेल्या खेपेला कळतं.

नांगरट, रोटाव्हेटरचा ट्रॅक्टर वेगळा आणि ट्रॉली ओढायचा वेगळा. शेतात ट्रॅक्टर बंद पडला तर काम थांबतं. रस्त्यावर भरलेल्या ट्रॉलीसह ब्रेक लागला नाही तर माणूस जातो. म्हणून ट्रॉलीसाठी ट्रॅक्टर बघताना तो किती ओढतो यापेक्षा तो थांबतो कसा, हे आधी बघायचं.

एचपीच्या आधी वजन बघा

आपल्याकडे ट्रॉलीसाठी साधारण ४० ते ५० एचपीचे ट्रॅक्टर वापरतात. या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास असतं. मागे भरलेली ट्रॉली दहा टनांची असेल तर गाडीच्या पाचपट वजन मागे आलं.

आता घाटाचा किंवा ओढ्याच्या चढाचा हिशोब बघा. समजा रस्ता दर २० फुटांना १ फूट चढतोय. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून १२ टन. फक्त या चढासाठी सुमारे ६०० किलोचा जास्तीचा जोर लागतो. हाच चढ उलट बाजूने उतरताना तेच ६०० किलो ट्रॅक्टरला मागून ढकलतात. ट्रॅक्टरला ब्रेक बहुतेक मागच्या दोन चाकांनाच असतात आणि ट्रॉलीला ब्रेक बऱ्याचदा नसतातच. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला आडवं पाडते ती यामुळेच.

म्हणून आधी ठरवा: माल कोणता, रस्ता कसा, एक ट्रॉली की दोन. सपाट रस्त्यावर एक ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर घाटरस्त्याला दोन ट्रॉल्या ओढेलच असं धरून चालू नका.

ट्रॅक्टरने आजवर काय काम केलं?

मालकाला हा प्रश्न सरळ विचारा. कारखान्याला ऊस ओढलेल्या गाडीचे क्लच, ब्रेक, गिअर आणि हुक जास्त झिजलेले असतात. भातात चिखलणी केलेल्या गाडीत पुढच्या एक्सलचे ऑइल सील आणि बेअरिंग गेलेले असू शकतात, ब्रेकमध्ये पाणी-चिखल शिरलेला असू शकतो. फक्त मळणी आणि पाण्याच्या पंपावर चाललेल्या गाडीचे टायर चांगले दिसतात, पण इंजिन खूप तास चाललेलं असतं.

तासांचं मीटर बघा, पण त्यावर विसंबू नका. समजा गाडी वर्षाला १५० दिवस, दिवसाला ६ तास चालली. वर्षाचे ९०० तास झाले. दहा वर्षांत ९,००० तास. मीटर ३,००० दाखवत असेल तर केबल कधी तुटली, मीटर कधी बदललं, हे विचारायलाच हवं. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलवरची झीज, सीटची अवस्था आणि गिअर लिव्हरचा ढिलेपणा मीटरपेक्षा खरं बोलतात.

सकाळी जा, इंजिन थंड असताना

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. इंजिन गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी ते सुरू करून ठेवलंय. अशा वेळी थांबा किंवा दुसऱ्या दिवशी जा.

- इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट किंवा आतलं काम निघण्याची शक्यता आहे. गरम रेडिएटर उघडू नका, वाफेने भाजतं.
- डिपस्टिक काढा. तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलंय.
- सुरू झाल्यावर धूर बघा. सुरुवातीला थोडा धूर चालतो. निळसर धूर येतच राहिला तर इंजिन तेल जाळतंय. सतत काळा धूर असेल तर नोजल, पंप किंवा एअर फिल्टर तपासायला लागेल. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जातंय का किंवा डिझेल नीट जळत नाही का, हे मेकॅनिककडून बघून घ्या.
- ब्रेदरजवळ हात धरा. भकाभका वाफ आणि तेलाचे थेंब येत असतील तर पिस्टन-लायनर झिजलेत.
- अर्धा तास गाडी चालवून मग ऑइल प्रेशर बघा. थंड इंजिनला प्रेशर चांगलंच दिसतं, खरी परीक्षा गरम झाल्यावर असते.

भरलेल्या ट्रॉलीशिवाय चाचणी नाही

मोकळा ट्रॅक्टर गावात फिरवून काहीच कळत नाही. मालकाला सांगा, ट्रॉली जोडून, माल भरून चालवायची. तयार होत नसेल तर त्यातच उत्तर मिळालं. सोबत तुमच्या ओळखीचा मेकॅनिक न्या, विकणाऱ्याचा नको.

क्लच: वरच्या गिअरमध्ये चढावर रेस वाढवा. इंजिनचा आवाज वाढतोय पण गाडी वेग घेत नाही, म्हणजे क्लच प्लेट सरकतेय.

गिअर: हलक्या उतारावर, वेग कमी ठेवून, रेस सोडा. गिअर आपोआप बाहेर उडी मारत असेल तर ती गाडी ट्रॉलीसाठी घेऊच नका. भरलेल्या ट्रॉलीसह उतारावर गिअर सुटला तर गाडी फक्त ब्रेकच्या भरवशावर राहते.

ब्रेक: ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे वेगळे पॅडल असतात. आधी दोन्ही एकेक करून तपासा. मग दोन्ही पॅडल जोडणारी पट्टी लावून मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका चाकाचा ब्रेक कमी लागतोय. ही पट्टी तुटलेली किंवा काढून टाकलेली असते, ती आहे का बघा. रस्त्यावर पॅडल जोडलेले नसतील आणि घाईत एकच पाय पडला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो आणि उलटतो. हँडब्रेकही चढावर लावून बघा.

ऑइल ब्रेकची गाडी मिळाली तर ट्रॉलीसाठी ती बरी. कोरड्या डिस्कच्या ब्रेकमध्ये पाणी-चिखल गेला की पकड कमी होते.

स्टिअरिंग: चाक न हलता स्टिअरिंग किती फिरतं ते बघा. पुढचं चाक जॅकवर घेऊन हलवा, आवाज किंवा ढिलाई असेल तर बेअरिंग आणि बुशचा खर्च धरा.

हुक, पिन आणि मागचं घर

हा भाग सगळ्यात कमी बघितला जातो. खाली वाकून बघा.

हुकचं किंवा ड्रॉबारचं भोक गोल राहिलंय की लांबट झालंय? हुकला, पट्टीला वेल्डिंगचे थर आहेत का? मागच्या डिफरेन्शियलच्या घराला तडा किंवा तेलाची गळती आहे का? जास्त वजन ओढलेल्या गाडीची खूण इथेच सापडते. वेल्डिंग करून रंग मारलेला तडा बोटाने चाचपला तर कळतो.

ट्रॉली नेहमी खालच्या हुकलाच जोडायची. वरच्या लिंकच्या जागी दांडी किंवा साखळी बांधून ओढलं की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे पलटी होतो. पिनला लॉक हवं, आणि पिन निसटली तर ट्रॉली धरून ठेवेल अशी जाड सेफ्टी साखळी हवी. लोखंडी गजाचा तुकडा म्हणजे पिन नव्हे.

मागच्या टायरचं वय आणि खाचा दोन्ही बघा. रिमोल्ड टायर दिसायला नवे असतात. बाजूच्या रबराला बारीक भेगा असतील तर भरलेल्या ट्रॉलीत तो टायर टिकणार नाही.

कागद: इथेच जास्त लोक अडकतात

आधी आरसी बुकवरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी अक्षरन् अक्षर जुळवा. नंबरवर घासलेलं किंवा पुन्हा ठोकलेलं वाटलं तर व्यवहार तिथेच थांबवा. मोबाइलवर एमपरिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव, विमा आणि बोजा बघून घ्या. दंडाची बाकी चलनंही तपासा.

बोजा असेल तर बँक किंवा फायनान्स कंपनीचं नाहरकत पत्र आणि सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ हवा. "हप्ते संपलेत, कागद नंतर देतो" यावर पूर्ण पैसे देऊ नका.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मूळ मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर आधी गाडी व्हावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१ आहे. कर्नाटक, तेलंगणासारख्या दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी घ्या. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो.

शेतीच्या ट्रॅक्टरची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली असेल तर नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी गाडीची तपासणी होते. १४ वर्षांची गाडी घेताना हा खर्च आणि हेलपाटे किमतीतून वजा करा. ट्रॅक्टर सरकारी अनुदानावर घेतलेला असेल तर विक्रीच्या अटी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्या.

ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. ट्रॉली सोबत घेत असाल तर तिचेही कागद मागा. ट्रॉलीवर तिचा स्वतःचा नंबर आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर, दोन्ही दिसायला हवेत.

नाव न बदलल्याने दोघेही अडकतात

गावात शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून व्यवहार होतो आणि आरसी वर्षानुवर्षं जुन्याच नावावर राहते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की अपघाताच्या दिवशी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच भरपाईच्या दाव्यासाठी मालक. त्या प्रकरणातली गाडी एकामागून एक हातांतून विकली गेली होती, तरी जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच आली. विकणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

घेणाऱ्याचंही नुकसान आहे. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर आपलं नाव लावून घ्यायचं असतं. ते केलं नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे. पण अपघातात कुणी गेलं तर भरपाई स्वतःच्या खिशातून, वेळ आली तर जमीन विकून द्यावी लागते.

पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख करून घ्या. शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरने भाड्याने वाळू, विटा ओढल्या तर विमा कंपनी दाव्याला हरकत घेऊ शकते. मडगार्डवर बसलेल्या माणसाचंही तसंच, कारण ट्रॅक्टरवर जागा फक्त चालकाची.

किंमत अशी ठरवा

मेकॅनिककडून दुरुस्तीची यादी लिहून घ्या: टायर, क्लच, ब्रेक, बॅटरी, हुक, दिवे. त्यात विमा, नावबदल आणि नूतनीकरणाचा खर्च मिळवा. ही बेरीज मालकासमोर ठेवून भाव करा. तुमच्या तालुक्यात ज्या गाडीचे पार्ट आणि मिस्त्री सहज मिळतात, तीच घ्या. हंगामात पार्टसाठी चार दिवस गाडी उभी राहिली तर स्वस्तातली खरेदी महाग पडते.

इसार कमी द्या, पावती घ्या. पावतीवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, ठरलेली रक्कम, कागद कधी देणार ती तारीख आणि व्यवहार मोडला तर इसाराचं काय, हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळही लिहा. मोठी रक्कम खात्यावरून द्या.

पहिल्या खेपेआधी

ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवे लावा. रात्री रस्त्यात उभी असलेली बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली मोटरसायकलवाल्याला दिसत नाही. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडू नका, चार रुपयांचं डिझेल वाचवायला जाऊन ट्रॉली अंगावर येते. आणि पहिल्या खेपेला अर्धाच माल भरा. गाडी कशी थांबते हे हाताला आणि पायाला कळलं, की मग पुढची खेप पूर्ण भरा.