कुंपण आणि कोंडवाडा

मृग निघायच्या आधी पंधरा दिवस आमच्याकडं कुंपणाचं काम निघायचं. चिकोडीकडच्या आमच्या शेताला तेव्हा तार नव्हती. एका बांधाला शेर, एका बाजूला घायपात, आणि जिथं भगदाड पडलेलं असेल तिथं बाभळीच्या काटेरी फांट्या आणून दाबायच्या. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून आम्हा पोरींना लांब बसवत. मळ्याला लागून थोडं कुरण होतं. त्याच्या तोंडाशी दोन दगडी खांब, त्यांना भोकं पाडलेली, आणि त्या भोकांतून सरकवायचे तीन आडवे वासे. हेच आमचं कवाड. वासे दर पावसाळ्यात कुजत, दर उन्हाळ्यात बदलावे लागत. संध्याकाळी आजी दारातून विचारायची, "कवाड बघून आलासा काय?" आणि आजोबा न बोलता परत फिरायचे. म्हणजे बघितलेलं नसायचं.

कुंपणाचा इतिहास कुणी लिहीत नाही. किल्ल्यांच्या तटांचा लिहितात. पण गावात जी भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्यांतली किती तरी या एकाच प्रश्नावरची आहेत: कुंपण कुणी सावरायचं? ज्याचं पीक आहे त्यानं, की ज्याची गाय आहे त्यानं?

आपल्याकडं कुंपण होतं ते मुख्यतः पिकाभोवती, मळ्याभोवती. जनावराभोवती क्वचित. जनावरं गुराख्याच्या मागं गायरानात जात, आणि गुराखी हेच त्यांचं चालतं-बोलतं कुंपण. कोकणात आणि गोव्यात दगडाचा गडगा किंवा काट्याकुट्यांची वई असते, तीही बहुतेक बागायत राखायला. आमचं कुरण हा अपवादच म्हणायचा. गाय आत ठेवायला कवाड, आणि ते मोडलं तर दोष आमचा.

1871 साली इंग्रज सरकारनं गुरांच्या आगळिकीचा कायदा केला. त्याआधी 1857 चा एक होताच. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, त्यामुळे आमच्या भागालाही तो लागू. कायदा तसा लहान आहे, वाचायलाही सोपा. जमीन कसणाऱ्याला आपल्या रानात शिरून नुकसान करणारं जनावर धरता येतं, आणि चोवीस तासांच्या आत ते कोंडवाड्यात पोचवायचं असतं. दंडाचे दर खालपासून वरपर्यंत ठरवून दिलेले: शेळी-मेंढीला 1 आणा, वासराला आणि गाढवाला 2 आणे, गाईबैलाला आणि घोड्याला 4 आणे, म्हशीला आणि उंटाला 8 आणे, हत्तीला 2 रुपये. (आमच्या तालुक्यात हत्ती कुणाच्या जोंधळ्यात शिरणार होता कोण जाणे, पण सरकारनं सोय करून ठेवली होती.) वर चारापाण्याचा खर्च वेगळा. सात दिवसांत मालक आला नाही तर दवंडी, आणखी सात दिवस वाट, मग लिलाव. धरलेलं जनावर कुणी जबरीनं सोडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद.

या सगळ्यात एक गोष्ट मी शोधत होते, ती सापडली नाही. ज्याच्या शेतात जनावर शिरलं त्याच्या शेताला कुंपण होतं का, हा प्रश्न जनावर धरण्याच्या कलमात कुठंच नाही. त्याच शतकात अमेरिकेच्या पश्चिम भागात बऱ्याच ठिकाणी उलटी रीत होती. गुरं मोकळी चरणार, पीक राखायचं असेल तर शेतकऱ्यानं कुंपण घालावं. म्हणून तर 1874 साली इलिनॉयमधल्या ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याला काटेरी तारेचं पेटंट मिळालं तेव्हा ती तार इतकी खपली. तिथल्या माळावर लाकूड नव्हतं आणि कुंपण तर हवंच होतं. आपल्याकडं कायद्यानं ओझं गुरं पाळणाऱ्यावर टाकलं. एक शेर जमीन नसलेली, दोन शेळ्यांवर घर चालवणारी बाईही त्यात आली.

तरीही गायरान मोठं असतं तर निभलं असतं. 1879 च्या मुंबईच्या जमीन महसूल कायद्यानं गावच्या गुरांच्या फुकट चराईसाठी जमीन राखून ठेवायची तरतूद केली, हे खरं. पण त्याच्या आदल्याच वर्षी, 1878 ला, जंगलाचा कायदा आला होता. काल जिथं गुरं चरत होती तिथं आज राखीव रानाची हद्द. राखीव रानात शिरलेलं जनावर म्हणजे नुकसान करणारंच जनावर, असं धरून कोंडवाड्याचा कायदा तिथंही लावला गेला. पुढं 1927 च्या जंगल कायद्यात गाईला 4 आण्यांऐवजी 1 रुपयापर्यंत दंडाची मुभा दिली. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यावर जो राग काढला आहे, तो गायरानं गिळल्याचाच राग आहे. गुरं तीच, रान कमी, आणि पीक हद्दीला येऊन भिडलेलं. मग कवाडाचा एक वासा कुजणं ही साधी गोष्ट उरत नाही.

मध्येच एक कुंपणच मेलं, तीही कथा सांगायला हवी. फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला, पण दख्खनेत इतका पसरला की तो परका आहे हे लोक विसरले. कुंपणाला फार सोयीचा. लावायला नको, पाणी नको, दुरुस्ती नको. उलट तोच शेतात घुसायचा. 1795 मध्ये कंपनी सरकारनं लाल रंगासाठी ब्राझीलहून किडे आणवले होते. ते आले चुकीच्या जातीचे. रंग मिळाला नाही, पण एका जातीचा निवडुंग त्यांनी खाऊन टाकला. ती आठवण ठेवून 1926 मध्ये सिलोनमार्गे दुसरी एक जात मुद्दाम दक्षिण हिंदुस्थानात आणली. पाच-सहा वर्षांत तिनं निवडुंगाची रानंच्या रानं बसवली. शेतीखात्याच्या दृष्टीनं मोठंच यश. पण ज्यांचं कुंपण निवडुंगाचं होतं, त्यांना मग दर उन्हाळ्यात कोयता घेऊन बाभळीखाली उभं राहणं आलं.

आमच्या घरात या कामाला आणखी एक अडचण होती. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आम्ही लहानपणी पाठ केलेले: बांधणं, मारणं, अवयव छेदणं, जास्त ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. पहिलाच बांधण्याचा. आता शेती करणाऱ्या जैनानं काय करावं? जनावर बांधलं तर अतिचार, सोडलं तर दुसऱ्याचं पीक जातं. श्वेतांबर परंपरेत आवश्यकसूत्रावरच्या टीकांनी यातून वाट काढली आहे. बांधावं लागलंच तर गाठ सैल असावी, आग लागली तर सोडवता येईल अशी. आम्ही दिगंबर, माझ्या आजीनं त्या टीका वाचल्या असण्याचा काही संभवच नाही. पण गोठ्यातल्या दाव्याची गाठ ती ओढगाठच मारायला लावायची, आणि काटेरी तारेला तिनं जन्मभर घरात येऊ दिलं नाही. बाभळीचा काटा चालतो नि तारेचा का नाही, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "बाभळीचा मोडतोय की गं." तारेनं आचळ फाटलेली म्हैस मी पुढं बघितली, तेव्हा ते कळलं.

एका मार्गशीर्षात खालचा वासा तुटला. कपिली रात्री बाहेर पडली आणि शेजारच्यांच्या शाळवात शिरली. त्यांच्या त्या बाजूला कुंपण म्हणून एक काडी नव्हती. सकाळी ते तिला कोंडवाड्यात घालून आले, आणि कायद्यानं ते बरोबरच होतं. आजोबा पैसे घेऊन गेले, तर कोंडवाड्याची किल्ली असलेला माणूस बाजाराला गेलेला. गाय आत, धार काढलेली नाही, कास दगडासारखी. इकडं गोठ्यात वासरू ओरडतंय. पाण्याची दगडी डोणी कोरडी होती, असं आजोबांनी नंतर सांगितलं. म्हणजे पाचांतला शेवटचा अतिचार सरकारी जागेत चालला होता, आणि त्याचे पैसे आम्ही भरणार होतो.

आजी म्हणाली, गाय पाणी पिईपर्यंत मीही पिणार नाही. माणूस आला चार वाजता. पावती, सही, मग पाच मैलांची चाल. गाय दारात आली तेव्हा दिवे लागले होते. आणि दिवस मावळल्यावर आजी तोंडात काही घालत नसे, पाणीसुद्धा नाही. तिनं वासरू सोडलं, कपिलीपुढं घागर ठेवली, कास चोळून थोडं थोडं दूध मोकळं केलं, आणि तशीच निजली.

सकाळी ती पाणी प्यायली तोवर आजोबा नवा वासा खांद्यावर घेऊन कुरणाकडं निघाले होते.