पिओरियाचे आवाज

अमेरिकेतल्या करमणुकीच्या धंद्यात एक जुना प्रश्न आहे : ‘हे पिओरियात चालेल का?’ गाणी, नकला, कसरती आणि विनोद यांची मिसळ घेऊन व्हॉदव्हिल कंपन्या गावोगाव फिरत असत, त्या काळातला हा प्रश्न. इलिनॉय राज्यातलं पिओरिया हे सरासरी अमेरिकन प्रेक्षकाचं माप मानलं जाई. तिथं चाललं ते देशभर चालणार. पुढं हा वाक्प्रचार जाहिरातवाल्यांनी उचलला आणि राजकारण्यांनीही. पिओरिया म्हणजे साधी, सभ्य, मध्यमवर्गीय आणि कुणी बोलून न दाखवता गृहीत धरलेली गोरी अमेरिका.

रिचर्ड प्रायर याच पिओरियात १ डिसेंबर १९४० रोजी जन्मला. त्याची आजी मेरी तिथं कुंटणखाना चालवत असे. आई त्याच घरात धंदा करी. वडील एकेकाळी मुष्टियुद्ध खेळलेले. आई घर सोडून गेली आणि पोराला आजीनं वाढवलं, प्रेमानं आणि छडीनं. चौदाव्या वर्षी शाळेतून नाव काढलं गेलं. मापाच्या पिओरियात हे घर मोजलं गेलेलं नव्हतं.

स्टँड-अप कॉमेडीच्या इतिहासात प्रायरचं नाव आलं की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. ती अशी : हा माणूस आधी दुसऱ्याची नक्कल करत होता, १९६७ साली एका रात्री त्याला साक्षात्कार झाला, तो मंचावरून निघून गेला आणि परत आला तो स्वतःचा आवाज घेऊन. आपल्याकडेही आता मराठी-हिंदी स्टँड-अप करणारी मुलं मुलाखतींतून ‘मला माझा आवाज सापडला’ असं म्हणतात, तेव्हा मागं कुठंतरी हीच कथा असते. गोष्ट सुरेख आहे, पण प्रायरच्या ध्वनिमुद्रिका आणि चित्रफिती सालवारीनं ऐकत-बघत गेलं की ती टिकत नाही. मला जे दिसलं ते थोडं वेगळं आहे आणि माझ्या मते जास्त मोलाचं आहे.

१९६३ साली प्रायर न्यूयॉर्कला आला. ग्रिनिच व्हिलेजमधल्या कॉफीहाउसांत तेव्हा नव्या विनोदकारांची गर्दी होती. त्याच सुमारास बिल कॉस्बी वर येत होता. त्याच्या विनोदात लहानपण होतं, भावंडं होती, खोड्या होत्या. वर्णभेदाचा विषय मात्र नव्हता. गोऱ्या प्रेक्षकाला तो परवडत होता. (त्याच कॉस्बीचं नाव पुढं कोणत्या कारणांनी घेतलं जाऊ लागलं हे वाचकांना ठाऊक आहे.) या धंद्यात एका वेळी एकाच काळ्या माणसाला जागा मिळते असा तो काळ, आणि ती जागा दुसऱ्यानं आधीच घेतलेली. प्रायरनं सरळ कॉस्बीचा कित्ता गिरवला. सूट, बारीक टाय, गोड हसू. १९६४ साली तो दूरचित्रवाणीवर दिसला आणि लवकरच एड सलिव्हनच्या कार्यक्रमातही.

या पर्वाला खोटं म्हणायची पद्धत आहे. स्वतः प्रायरही तसंच म्हणे. पण त्या काळातला त्याचा एक गाजलेला प्रवेश घ्या : प्राथमिक शाळेतली मुलं ‘रम्पलस्टिल्ट्स्किन’ या परीकथेवर नाटक करतात. प्रायर एकटाच सगळी मुलं होतो. एक घाबरलेला, एक वाक्य विसरलेला, एक उगाच ओरडणारा. आता याचं मूळ बघा. पिओरियात काळ्या मुलांसाठी कार्व्हर केंद्र होतं. तिथं ज्युलिएट व्हिटेकर नावाच्या बाई नाटकं बसवत. शाळेनं टाकलेल्या या पोराला त्यांनी हाताशी धरलं आणि ज्या नाटकात त्याला पहिल्यांदा उभं केलं ते हेच, ‘रम्पलस्टिल्ट्स्किन’. पुढं लिली टॉमलिनच्या कार्यक्रमाच्या लेखनासाठी त्याला एमी पुरस्कार मिळाला, तो त्यानं या बाईंना देऊन टाकला. म्हणजे ज्याला नकली म्हणायचं तो प्रवेशही पिओरियातूनच आला होता. एका अंगात दहा माणसं उभी करायची कलाही तेव्हाच त्याच्यापाशी होती. कमी होतं ते एवढंच, की त्या दहांत आजीच्या घरातलं कुणी नव्हतं.

मग ती प्रसिद्ध रात्र. सप्टेंबर १९६७, लास व्हेगसचं अलादीन हॉटेल. प्रायरनं आत्मचरित्रात सांगितलं आहे की प्रेक्षकांत डीन मार्टिन बसलेला दिसला, त्या सगळ्यांच्या नजरेतून त्यानं स्वतःला पाहिलं, मी इथं काय करतोय असा प्रश्न जोरात विचारला आणि तो चालता झाला. असं काही झालं असेलही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नवा माणूस उठला नाही. त्यानंतरही तो दूरचित्रवाणीवर जात राहिला. १९६८च्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत जुनं-नवं दोन्ही शेजारी नांदतं. ज्या कामासाठी आज त्याचं नाव घेतात ते १९७४ साली आलं. मधली सात वर्षं साक्षात्काराच्या गोष्टीत बसत नाहीत, म्हणून ती गाळली जातात. मला रस आहे तो त्या सात वर्षांत.

त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचं १९७१. प्रायर कॅलिफोर्नियात बर्कलीला एका स्वस्तातल्या खोलीत राहत होता. माल्कम एक्सची भाषणं वाचत होता, मार्व्हिन गेची त्या वर्षी आलेली ध्वनिमुद्रिका पुन्हापुन्हा ऐकत होता. इश्मेल रीड, सेसिल ब्राउन हे काळे लेखक त्याचे सोबती झाले. लहान क्लबांत तो उभा राही आणि काही वेळा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत उच्चारत बसे. लोक उठून जात. एप्रिल १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या ‘इम्प्रूव्ह’मध्ये त्याचा एक प्रयोग चित्रित झाला. तो बघणं अवघड जातं. प्रायर आजीच्या घराबद्दल बोलतो, दारुड्याला आणि गर्दुल्ल्याला मंचावर आणतो आणि प्रेक्षक हसावं की नाही या पेचात गप्प बसतात. ती शांतता फितीवर तशीच राहिली आहे. फीत बाजारात यायला १९८५ साल उजाडलं.

बर्कलीला लागूनच ओकलंड. तिथं १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला होता, ज्याचं नाव १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं घेतलं. त्याच १९७२मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. कामाठीपुऱ्याची भाषा मराठी कवितेत शिरली आणि विजय तेंडुलकरांसारख्या प्रस्तावनाकारालाही त्या जगाची वाट विचारावी लागली. या दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं असेल असं मी सुचवत नाही. पण वेश्यावस्तीत वाढलेल्या दोन माणसांनी, दोन खंडांत, एकाच सुमारास, सभ्य भाषेनं हद्दपार केलेली बोली तिच्या अंगभूत लयीसह आणली हे नोंदवून ठेवावंसं वाटतं. फरकही आहे. कविता छापून ठेवता येते, वाचक दहा वर्षांनी तयार झाला तरी चालतं. विनोदकाराला त्याच क्षणी हशा लागतो. नाही आला तर त्याच्याजवळ काही उरत नाही.

इथं जॉर्ज कार्लिनची आठवण होते. १९६६च्या उन्हाळ्यात तो आणि प्रायर ‘क्राफ्ट समर म्युझिक हॉल’ या एकाच गुळगुळीत कार्यक्रमात काम करत होते. दोघंही पुढं सूट-टाय टाकून बाहेर पडले. कार्लिन वळला भाषेकडं : दूरचित्रवाणीवर न चालणारे सात शब्द त्यानं मंचावर मोजून म्हटले, १९७२ साली मिलवॉकीत अटक करून घेतली आणि त्या शब्दांचा खटला १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात पोचला. कार्लिनच्या विनोदात नेहमी कार्लिन बोलतो. प्रायर वळला माणसांकडं.

१९७४च्या ध्वनिमुद्रिकेत ही माणसं शेवटी जागेवर येऊन बसली. दारुडा रस्त्याच्या चौकात उभा राहून रहदारीला दिशा दाखवतो, शेजारून जाणाऱ्या गर्दुल्ल्याला उपदेश करतो. उपदेश हास्यास्पद आहे, पण त्यात कणव आहे, आणि गर्दुल्ल्याचं उत्तर ऐकताना हसू घशात अडकतं. या माणसांची टिंगल नाही. प्रायर त्यांच्या आत उभा असतो. आपल्याकडं एकनाथांनी भारुडांत जोशी, वासुदेव, महार यांच्या तोंडून बोलण्याची जी तऱ्हा वापरली, किंवा पु. लं.नी ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं उभी केली, त्या घराण्याशी हे जवळचं आहे. एकपात्री हा शब्द अशा वेळी फसवा वाटतो.

या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळालं, पाठोपाठ पुढच्या दोन्हींना मिळालं. पहिलीच्या आणि तिसरीच्या शीर्षकात तो शब्द होता, जो गोऱ्यांनी शतकानुशतकं काळ्यांच्या तोंडावर फेकला. मी तो इथं छापत नाही. शिवी म्हणून वापरलेलं जातीचं नाव आठवलं तर त्याची धार थोडी कळेल. प्रायरचा दावा असा, की पुन्हापुन्हा उच्चारून त्यातलं विष काढता येईल. १९७९ साली तो केनियाला गेला. तिथं सगळीकडे काळी माणसं दिसली, दुकानात, कचेरीत, सत्तेत. आणि इथं तो शब्द लागू पडेल असं कुणीच दिसत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. परतल्यावर त्यानं तो सोडला. ज्या शब्दानं नाव झालं तो शब्द सोडणं त्याच्या काही चाहत्यांना रुचलं नाही. मला ही त्याच्या आयुष्यातली अलादीनपेक्षा मोठी घटना वाटते. तिच्याभोवती कुणी दंतकथा मात्र रचली नाही.

१९७९ सालीच ‘लाइव्ह इन कॉन्सर्ट’ चित्रपटगृहांत आला. लाँग बीचच्या रंगमंचावर एक माणूस, एक ध्वनिक्षेपक, बाकी काही नाही. त्यात आजी आहे : पोरालाच झाडाची छडी तोडून आणायला सांगणारी. छडी घेऊन घराकडं येताना वाऱ्यात ती कशी वाजते तेही प्रायर आवाजानं दाखवतो. त्यात हृदयविकाराचा झटका आहे : हृदयच गुंडासारखं दरडावतं, आणि प्रायर जमिनीवर लोळतो. कुत्री, माकडं, हरीण, सगळ्यांना वाचा आहे. स्टँड-अपचा याहून चांगला प्रयोग मी पाहिलेला नाही.

आणि तरीही. त्याच प्रयोगात एक प्रसंग आहे. बायको घर सोडून निघाली म्हणून त्यानं गाडीवर गोळ्या झाडल्या. ही १९७८च्या नववर्षाच्या दिवशी खरोखर घडलेली गोष्ट. मंचावर मरणाऱ्या टायरला आवाज मिळतो, दारू त्याला चिथावते, पोलीस आल्यावर तो घरात पळतो कारण ते गाड्यांना मारत नाहीत, काळ्या माणसांना मारतात. हशा थांबत नाही. सगळ्यांना वाचा देणाऱ्या या माणसानं त्या बाईला जवळजवळ काही बोलू दिलेलं नाही. प्रायरच्या आयुष्यातल्या अनेक स्त्रियांनी त्याचा मार खाल्ला. प्रामाणिक आवाज म्हणून ज्याची तारीफ करायची, त्यानं कबुली दिली ती स्वतःच्या बाजूनं, आणि हशानं ती माफही होऊन गेली. हे म्हटल्यावाचून प्रायरवर लिहू नये असं मला वाटतं.

९ जून १९८० रोजी कोकेन आणि रमच्या नशेत त्यानं स्वतःला पेटवून घेतलं. तो कसाबसा वाचला. नंतरचा काळ झटपट सांगतो : भरमसाठ पैशांचे आणि बहुतेक टाकाऊ चित्रपट, १९८६ साली मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान, ज्या शरीरानं कुत्री-माकडं केली ते हळूहळू निकामी, १९९८ साली पहिलं मार्क ट्वेन पारितोषिक, १० डिसेंबर २००५ रोजी मृत्यू.

पण त्याआधी, जळल्यानंतर, तो पुन्हा मंचावर उभा राहिला. हॉलिवुडच्या पॅलेडियममध्ये १९८२च्या ‘लाइव्ह ऑन द सनसेट स्ट्रिप’चं चित्रण होतं. पहिली रात्र पुरती फसली. त्याला काही सुचेना, आणि या वेळीही तो निघून गेला. दुसऱ्या रात्री परत आला. मध्येच प्रेक्षकांतून मडबोनची मागणी झाली. मडबोन म्हणजे १९७५च्या ध्वनिमुद्रिकेतला मिसिसिपीतल्या टुपेलोचा म्हातारा, दुकानासमोर बसून थुंकत थुंकत थापा मारणारा, प्रायरच्या सगळ्या पात्रांत लोकांना सर्वांत प्यारा. प्रायर म्हणाला, ठीक आहे, पण ही शेवटची वेळ. तो स्टुलावर बसला, जबडा खाली गेला, डोळे बारीक झाले. आणि मग तो म्हातारा रिचर्ड प्रायर नावाच्या एका पोराबद्दल बोलू लागला, ज्याला तो लहानपणापासून ओळखत होता, हुशार होता, पण त्या आगीनं त्याचं पार वाटोळं केलं.