घरं मोजली, खाटा राहिल्या : लातूर-नांदेडच्या वाढीचा इतिहास



एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्येच पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. हे दिवस आपण दुष्काळाचे म्हणून लक्षात ठेवतो, आणि दुष्काळ होताच. धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं. पण आज आपण जरा वेगळा प्रश्न विचारू. ते पाणी प्यायला शहरात नेमकी माणसं किती होती? आणि ती मोजायची कशी, हे आपण ठरवलं होतं का?

त्यासाठी शंभर वर्षं मागे जाऊ. पाण्याची गाडी ज्या वाटेने आली, मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर, ती वाट जुन्या बार्शी लाइट रेल्वेची. ही अडीच फुटी छोटी गाडी 1911 साली लातूरला आली. तेव्हा लातूर निजामाच्या राज्यात होतं. गाडीमुळे व्यापार वाढणार हे दिसत होतं, आणि 1917 मध्ये गंजगोलाई उभी राहिली. मध्ये गोल इमारत, तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते, आणि त्या रस्त्यांवर मालानुसार वेगवेगळे बाजार. आज आपण गोलाईत वाहतूक तुंबली म्हणून वैतागतो. पण येणारी गर्दी आधी डोळ्यांसमोर आणून, मग तिला जागा करून देणारं हे काम आहे. हे लक्षात ठेवू, पुढे लागेल.

आता नांदेडकडे वळू. गोदावरीच्या दक्षिणेला, वाघाळ्याच्या बाजूला सिडकोने नवं नांदेड आखलं. रस्ते, गटारं, शाळेची जागा, बाजाराची जागा कागदावर आधी आली, कुटुंबं मागून. पुढे 1997 मध्ये जुनं नांदेड आणि वाघाळा मिळून महानगरपालिका झाली. तिसरं उदाहरण दुःखाचं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गावंच्या गावं नव्या जागी वसवावी लागली. तिथेही रस्ता, शाळा, सभागृह यांची जागा घरांबरोबरच ठरली. त्या गावांच्या रचनेवर टीका झाली, ती पुष्कळशी बरोबरही आहे. वाडा-गल्लीतली माणसं लांबलांब प्लॉटांवर एकटी पडली. पण सोयींना जागा उरली नाही, असं तिथे म्हणता येत नाही.

म्हणजे मंडळी, आपल्याला आखता येत नाही असं नाही. मग 1990 नंतर लातूरला काय झालं?

लातूर 16 ऑगस्ट 1982 ला जिल्ह्याचं ठिकाण झालं. कचेऱ्या आल्या, नोकरदार आले. मग ‘लातूर पॅटर्न’चं नाव झालं आणि दहावी पास झालेलं मूल ट्रंक घेऊन लातूरला येऊ लागलं. 1991 मध्ये शहर दोन लाखांच्या आत होतं, 2001 मध्ये तीन लाखांना टेकलं, 2011 मध्ये पावणेचार लाखांच्या पुढे गेलं. त्याच वर्षी महानगरपालिका झाली.

ही वाढ कुठल्या योजनेतून आली नाही. ती एकेका खाटेने आली. घरमालकाने वर एक मजला चढवला, चार खोल्या काढल्या, खोलीत चार-पाच खाटा टाकल्या. पाच माणसांच्या कुटुंबाला माणशी 135 लिटर या सरकारी मापाने दिवसाला 675 लिटर पाणी लागतं. त्याच घरात वीस विद्यार्थी राहिले तर 2,700 लिटर. नळ मात्र तोच अर्धा इंची. कचरा चौपट, मैलापाणी चौपट, आणि पालिकेच्या वहीत घर एकच.

आपण म्हणतो, विद्यार्थी काय, दोन वर्षं राहणार आणि जाणार, तो तात्पुरता. पण तो गेला की जूनमध्ये त्याच खाटेवर दुसरा येतो. विद्यार्थी तात्पुरता आहे, खाट कायमची आहे. पाइप, गटार आणि दवाखाना यांना खाटेशी मतलब असतो. 2016 च्या उन्हाळ्यात अनेक मुलं गावी परतली, तेव्हा कुठे ती शहरात किती होती हे आपल्या ध्यानात आलं.

दुसरी अडचण शहराच्या कडेला आहे. शेतजमीन गुंठ्या-गुंठ्याने विकली जाते. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. चाळीस जणांनी गुंठा-गुंठा घेतला तर शाळेचा गुंठा कुणाचा? मैदानाचा, अंगणवाडीचा? 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, नंतर त्याची मुदतही वाढवली गेली. त्याने गरिबाचं घर वाचलं, हे चांगलंच झालं. पण नसलेलं मैदान कायद्याने परत येत नाही.

“पाहुण्यांसाठी शहर कसं आखणार?” असं कुणी म्हटलं, तर त्याचं उत्तर नांदेडमध्येच आहे. ऑक्टोबर 2008 मध्ये तिथे गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. काही दिवसांसाठी येणाऱ्या भाविकांचा विचार करून, केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेचा निधी घेऊन, रस्ते, गटारं, घाट अशी कामं झाली. त्या कामांत उणिवा असतील. पण जनगणनेत नसलेल्या माणसासाठीही शहर आखता येतं, हे सिद्ध झालं. भाविकाला जे मिळालं ते विद्यार्थ्याला का नको? त्या सोहळ्याची तारीख ठरलेली होती, म्हणून आपण धावलो. विद्यार्थी दर जूनला येतो, ही तारीखही ठरलेलीच आहे की!

2021 ची जनगणना झाली नाही. पुढची 2027 ची. तोवर नियोजन 2011 च्या आकड्यांवर अंदाज बांधत चाललंय. म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. दर वर्षी जुलैमध्ये वॉर्डावार खाटा मोजा. त्या मापाने पाणी द्या आणि खोल्यांचं भाडं घेणाऱ्याकडून त्या मापाने पट्टीही घ्या. जिथे खाटा दाट, तिथे आधी दवाखाना, स्वच्छतागृह, रात्री क्लासहून परतणाऱ्या मुलींसाठी रस्त्यावर दिवे. आणि कडेची शेती विकली जाण्याआधी शाळा-मैदानाची जागा नकाशावर पक्की करा.

1917 मध्ये कुणीतरी गाडीची शिट्टी ऐकून सोळा रस्त्यांचा विचार केला होता. आपल्याकडे दर जूनला शिट्टी वाजते. ती ऐकायची की पुन्हा मिरजेच्या गाडीची वाट बघायची, हे आपल्याला ठरवायचंय.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.