अंगणातील पेव्हर ब्लॉक : डाग ओळखा, मगच धुवा

मराठवाड्यातील घरांचे अंगण एकेकाळी शेणाने सारवलेले, नाहीतर काळ्या दगडाचे वा शहाबादी फरशीचे असे. आता कंधारसारख्या तालुक्याच्या गावीही घरापुढे आणि गल्लीत सिमेंटचे पेव्हर ब्लॉक दिसतात. ते बसवताना होतो तेवढा विचार त्यांच्या देखभालीचा होत नाही. डाग पडला की अ‍ॅसिडची बाटली आणली जाते आणि डागापेक्षा ही बाटलीच ब्लॉकचे अधिक नुकसान करते.

हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड डागाबरोबर सिमेंटही विरघळवते. वरचा गुळगुळीत थर जाऊन वाळू उघडी पडते, रंग उतरतो आणि खरबरीत झालेल्या पृष्ठभागावर पुढचा डाग अधिक खोल जातो. शहाबादी फरशी तर मुळात चुनखडीचा दगड. तिच्यावर अ‍ॅसिड पडताच फेस येतो व झिलई कायमची जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर नोंदीचे व ओळखपत्राचे बंधन आले, ते वेगळ्या आणि गंभीर कारणासाठी. पण अंगण धुण्यासाठीही ते शक्यतो टाळावे हेच बरे.

नव्या ब्लॉकवर येणारी पांढरी भुकटी हा मुळात डागच नव्हे. भिंतीला लोणा लागतो तसाच हा प्रकार. सिमेंटमधील चुना ओलाव्याबरोबर वर येतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन पांढरा पडतो. कोरड्या कडक ब्रशने तो झाडून काढावा. काही महिन्यांत, विशेषतः एखाद्या पावसाळ्यानंतर, बहुधा तो आपोआप कमी होतो.

तेलाचा डाग ताजा असेल तर घासू नये, तो पसरतो. लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून तेल टिपून घ्यावे आणि मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून ब्रश फिरवावा. मुरलेल्या डागावर मुलतानी माती व सोड्याच्या द्रावणाचा जाड लेप द्यावा, प्लास्टिकने झाकून दिवसभर ठेवावा आणि वाळल्यावर लाकडी पट्टीने खरवडावा. एका लेपात काम होईलच असे नाही. लोखंडी पलंगाच्या पायाने उमटलेल्या गंजाला ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण लागते. ते विषारी असल्याने हातमोजे हवेत, मुले व जनावरे दूर हवीत. लग्नघरातील हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, त्याने घाबरू नये. सोड्यासारख्या अल्कलीने हळदीचा रंग पालटतो, एवढेच. कडक उन्हात तो फिका पडत जातो.

पावसाळ्यातील शेवाळावर ब्लिचिंग पावडरचे द्रावण उपयोगी पडते. मात्र त्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू जीवघेणा ठरू शकतो. शेवाळ पुनःपुन्हा येत असेल तर दोष बहुधा खालच्या जमिनीत असतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मुरमाचा भक्कम थर नसेल तर ब्लॉक खचून पाणी साचते. तेथे ब्लॉक उचलून थर नीट करणे हाच उपाय.

पाण्याचा विचारही हवा. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात रोज पाइपने अंगण धुणे परवडणारे नाही. नित्याला झाडणी पुरते. पाण्याचा जोरदार फवारा सांध्यांतील वाळूही उडवतो. ती पुन्हा भरली नाही तर ब्लॉक हलू लागतात.

सीलर लावण्याची घाई करू नये. लोणा येणे थांबल्याशिवाय थर चढवला तर पांढरेपणा आतच कोंडला जातो. अ‍ॅक्रिलिक सीलर चकाकी देतो, पण ओला झाल्यावर निसरडा होतो आणि कालांतराने त्याचे पापुद्रे निघतात. सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचा सीलर आत मुरतो. रूप फारसे बदलत नाही, पाणी रोखतो, वाफ मात्र बाहेर जाऊ देतो. वृद्ध माणसे ज्या अंगणात वावरतात तेथे हाच योग्य. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामाला चांगले. ब्लॉक पूर्ण वाळलेला असावा, उन्हाने तापलेला नसावा. आधी कोपऱ्यात लावून पाहावा. पुढे दरवर्षी त्यावर पाण्याचे थेंब टाकून बघावे. ते मोत्यासारखे न थांबता मुरू लागले की नवा हात देण्याची वेळ झाली.

चांगल्या ब्लॉकला सीलरची गरज तशी कमीच भासते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १५६५८ या मानकाच्या २००६ च्या आवृत्तीत पाणी शोषण्याची सरासरी मर्यादा वजनाच्या ६ टक्के ठरवली होती. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे चाचणीचा दाखला मागावा.