फुलझरचा रानपिंगळा

रायपुरातल्या पक्षिनिरीक्षकांचा हिवाळा हल्ली तळ्यांच्या काठी जातो. बेमेतरा जिल्ह्यातल्या गिधवा आणि परसदा या गावांच्या जलाशयांवर २०२१ मध्ये जानेवारीअखेर छत्तीसगडचा पहिला पक्षी महोत्सव भरला. थंडी पडली की दुर्बिणी घेऊन निघालेली मंडळी तिकडे वळतात ती दूरदेशीच्या बदकांसाठी, आणि त्यात गैर काहीच नाही. पण रायपूरच्या मुलखाने पक्षिशास्त्राला दिलेली सर्वांत मोलाची नोंद पाण्यावरची नाही. ती पूर्वेला, महासमुंद जिल्ह्यातल्या बसना-फुलझर भागातली आहे. डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लूइट यांना तिथे एक लहानसे घुबड मिळाले. पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्या नियतकालिकात नवी जात म्हणून त्याचे वर्णन छापले आणि तिला ब्लूइटचे नाव दिले. तोच आपला रानपिंगळा. १८८४ नंतर त्याची एकही विश्वासार्ह नोंद झाली नाही आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तो खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मधली ११३ वर्षे हा पक्षी ‘नाहीसा’ झाला होता असे सांगण्याची प्रथा आहे. माझ्या मते त्या काळात नाहीशी झाली ती मुख्यतः त्याची विचारपूस करणारी माणसे.

पुरावा तारखांमध्येच आहे. ब्लूइटनंतर फेब्रुवारी १८७७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले व्हॅलेंटाइन बॉल यांना हा पक्षी खरियारला, म्हणजे फुलझरच्या दक्षिणेला, मिळाला. पुढे जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात शहादा-तळोद्याकडे आणखी काही मिळवले. संग्रहालयांतले सगळे अस्सल नमुने १८७२ ते १८८४ या बारा वर्षांतले आहेत. ही माणसे एकमेकांपासून शेकडो मैलांवर होती आणि रायपूरला तेव्हा रेल्वेही पोहोचली नव्हती. त्यांना जोडणारा धागा होता ह्यूम. ही मंडळी ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये आपली निरीक्षणे छापत, आणि शंका असली की निवाडा ह्यूमच करत. मग ह्यूम यांची वर्षानुवर्षांची हस्तलिखिते चोरीला जाऊन रद्दीत विकली गेली. त्यांनी पक्ष्यांचा नाद सोडला आणि १८८५ मध्ये आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. रानपिंगळ्याच्या नोंदी थांबतात त्या नेमक्या याच सुमारास. खानदेशातले आणि फुलझरचे जंगल काही एकाच वर्षी तोडले गेले नव्हते. दोन्हीकडचे पक्षी एकदम संपले असे मानण्यापेक्षा दोन्हीकडचे विचारणारे एकदम थांबले असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

यावर पहिला आक्षेप असा की शोध तर झाला होता. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारखे जाणकार त्यात होते. खरे आहे. पण त्या शोधाच्या वाटेत एक खोटी खूण ठोकलेली होती. रिचर्ड मायनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीला आपण हा पक्षी मिळवल्याचा दावा केला होता. सर्वांत अलीकडची नोंद म्हणून तिला साहजिकच वजन आले. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्या कातड्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा तो डेव्हिडसनचाच जुना नमुना निघाला: संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि नवी चिठ्ठी बांधलेला. ती नोंद बाजूला सारल्यावर उरली ती एकोणिसाव्या शतकातली ठिकाणे, आणि रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना पक्षी सापडला तो डेव्हिडसनच्या मुलखात. त्या जुन्या शिकाऱ्यांनी पक्षी मारले याचे समर्थन मी करणार नाही. त्यांच्या पुढे वाट दाखवत चाललेल्या रानातल्या माणसांची नावे चिठ्ठ्यांवर नाहीत, याचेही दुःख आहेच. तरीही ठिकाण आणि तारीख प्रामाणिकपणे लिहिलेली ती चिठ्ठीच अखेर कामी आली.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. १९९७ नंतर रानपिंगळा मेळघाटात, खंडवा-बुऱ्हाणपूरकडे आणि डांगांत सापडला, पण फुलझर आणि खरियारला पाहणी होऊनही सापडला नाही. शिवाय फुलझरच्या सपाटीवर आज बरेचसे धानाचे शेत आहे. मग निदान पूर्वेकडे तरी तो खरोखरच संपला असे का म्हणू नये? कदाचित संपलाही असेल; झाडे गेली तर पक्षी राहत नाही, आणि तिथे माझा युक्तिवाद लंगडा पडतो. पण थोडक्या दिवसांच्या पाहणीवर शेवटचा निकाल देण्याआधी तानसा आठवावे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या त्या तलावाचे जंगल पक्षिनिरीक्षकांच्या रोजच्या राबत्यातले, तरीही रानपिंगळा तिथे असल्याचे कळायला २०१४ साल उजाडले. तिथे माणसे होती, दुर्बिणी होत्या. फक्त तो तिथे असेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. गावाशेजारच्या आमराईत दिसणारा साधा पिंगळा आणि हा, दोघे वरवर सारखे. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छातीवर तपकिरी रंग दाट असतो, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर रुंद ठळक पट्टे आणि पाय जाड, पिसांनी भरलेले. भर दिवसा तो उघड्या फांदीवर बसतो आणि शेपटी डावी-उजवी झटकत राहतो. हे ठाऊक नसलेला माणूस ‘पिंगळा’ एवढेच लिहून पुढे जाईल.

ब्लूइटचा डिसेंबर, बॉलचा फेब्रुवारी, १९९७ चा नोव्हेंबर: या तिन्ही भेटी थंडीच्या दिवसांतल्या आहेत. साग आणि त्याच्या सोबतची झाडे पाने गाळू लागली की दिवसा बसलेले घुबड नजरेला येते. म्हणजे रायपूरची माणसे जेव्हा बदकांच्या मागे असतात तोच याचाही हंगाम. धुळे, नागपूर, रायपूर असा येणारा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पुढे पिथौरा आणि बसना ओलांडूनच संबलपूरला जातो, तेव्हा अडचण रस्त्याची नाही. काहीजण म्हणतील, नेमकी जागा जाहीर झाली की कॅमेऱ्यांची गर्दी लोटेल आणि असलेला पक्षीही बिथरेल. ही भीती रास्त आहे, पण तिच्यासाठी नोंदच न करणे हा उपाय नव्हे. डेव्हिडसनच्या नोंदींत शहादा-तळोद्याचा मुलूख होता, झाड नव्हते, आणि तेवढ्यावर शंभराहून अधिक वर्षांनी पक्षी सापडला. बसना परिसरात हिंडून परतणाऱ्याने वनपरिक्षेत्र, तारीख आणि डोक्या-शेपटीचा एक फोटो दिला तरी पुरे. आणि काहीच दिसले नसेल, तर किती तास कोणत्या रानात पाहिले तेही लिहून ठेवावे. फुलझरविषयीचा निर्णय असल्या नोंदी साठल्यावरच करता येईल.