परावटू ग्रंथींचे प्रतिमाचित्रण : दीर्घकालीन डायलिसिसच्या रुग्णांत

गळ्यात थायरॉइडच्या मागे बहुधा चार परावटू ग्रंथी असतात. निरोगी ग्रंथी तांदळाच्या दाण्याएवढी, ३० ते ५० मिलिग्रॅम वजनाची. तपासणीत ती सहसा दिसतच नाही. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात फॉस्फेट साठते, सक्रिय ड जीवनसत्त्व घटते, कॅल्शियम उतरते आणि या ग्रंथी जादा पीटीएच (परावटू संप्रेरक) स्रवू लागतात. वर्षानुवर्षे डायलिसिस चाललेल्यांत त्या वाढतात, काहींत गाठाळ होऊन औषधांना दाद देईनाशा होतात.

निदान होते ते रक्ततपासणीवर. स्कॅन कोरा आला म्हणून विकार नाही, असे ठरत नाही. ग्रंथी कुठे आहेत हे मुख्यतः शल्यचिकित्सकाला हवे असते.

सुरुवात सोनोग्राफीने होते. वाढलेली ग्रंथी थायरॉइडमागे काळसर दिसते. ५०० घन मिलिमीटरहून मोठी असल्यास ती गाठाळ झाली असण्याची शक्यता बरीच. छातीच्या हाडामागची किंवा श्वासनलिकेआडची ग्रंथी मात्र निसटते.

तेथे सेस्टामिबी स्कॅन कामी येतो. टेक्नेशियम-९९एम जोडलेले हे द्रव्य शिरेतून देऊन काही मिनिटांनी आणि पुन्हा दोन-तीन तासांनी चित्रे घेतात. थायरॉइडमधून ते लवकर ओसरते, वाढलेल्या परावटूत रेंगाळते. एकच गाठ असलेल्या रुग्णात ही पद्धत फार चांगली. डायलिसिसच्या रुग्णात तितका भरवसा नाही. त्याच्या चारही ग्रंथी कमीअधिक वाढलेल्या असतात, त्यांतली एखादीच ठळक उमटते. तेवढी काढून थांबले तर विकार मागे उरतो. सोबत स्पेक्ट-सीटी केल्यास खोली व जागा नेमकी कळते. फ्लुओरोकोलीन पेट लहान ग्रंथीही टिपते, पण ती सर्वत्र मिळत नाही. एमआरआयसाठी गॅडोलिनियम देताना सावधगिरी हवी. काही जुन्या गॅडोलिनियम द्रव्यांमुळे अशा रुग्णांची त्वचा व अवयव ताठर झाले आहेत.

पहिल्या शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सक चारही ग्रंथी शोधतोच, त्यामुळे स्कॅनने बेत फारसा बदलत नाही. पीटीएच पुन्हा चढून दुसऱ्यांदा गळा उघडायची वेळ आली, तर स्कॅनवाचून पुढे जाऊ नये. शवविच्छेदनांत सुमारे १३ टक्के लोकांत चाराहून अधिक ग्रंथी आढळल्या आहेत. जादा ग्रंथी अनेकदा थायमसमध्ये दडलेली असते. आधी ग्रंथीचे तुकडे हाताच्या स्नायूत रोपले असतील, तर तो हातही स्कॅनमध्ये घ्यावा आणि दोन्ही हातांच्या रक्तातील पीटीएच ताडून पाहावे.